पाऊस नाही, ढग नाही, तरी आरव्हीच्या छतावरचा फॅन रात्री तीनला झाकण लावून बसतो

ज्यांच्या आरव्हीच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या किंवा स्वतः चालणाऱ्या फिरत्या घराच्या, छताला पाऊस ओळखून आपोआप बंद होणारा व्हेंट फॅन आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. या एका गोष्टीपायी मी दोन उन्हाळे घालवले, एक नवा सेन्सर विकत घेतला, एक गादी भिजवली, आणि उत्तर निघालं ते डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत. फॅनच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच, आणि हा सेन्सर बहुतेक सगळ्यांचा एकाच तत्त्वावर चालतो.

आधी प्रॉब्लेम सांगतो, तुमचा तोच आहे का बघा. आम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनला राहतो, सेकंडहँड ट्रेलर आहे, वीकेंडला सोयीचं म्हणजे समुद्रकाठचं गॅल्व्हस्टन, तासाभराचं अंतर, स्टेट पार्कमध्ये अगदी बीचच्या बाजूची साइट मिळाली तर बघायलाच नको. रात्री एसीची घरघर नको म्हणून तो बंद करतो, खिडकी किलकिली ठेवतो आणि छतावरचा फॅन हळू स्पीडवर एक्झॉस्टला, म्हणजे आतली हवा बाहेर फेकायला, लावून झोपतो. अडीच-तीनच्या सुमाराला डोक्यावर घर्रर्र आवाज, झाकण खाली, फॅन बंद, आणि दहा मिनिटांत आत अशी उकड की पोरगी झोपेतच पांघरूण लाथाडते. बाहेर येऊन बघावं तर टिपूर चांदणं. बटन दाबलं की झाकण मस्त पूर्ण उघडतं, पाच-सात सेकंद विचार केल्यासारखं थांबतं आणि परत घर्रर्र करून खाली. चार वेळा उघडा, चार वेळा तेच. आणि सकाळी नऊला ऊन चढलं की एकदम शहाण्या मुलासारखं, काही झालंच नाही जणू.

हे 'पूर्ण उघडतं, थोडं थांबतं, मग बंद होतं' लक्षात ठेवा, कारण निम्मं निदान यातच आहे. झाकण मध्येच अडकलं, मोटर नुसतीच फिरतेय आणि झाकण हलत नाही, किंवा बटन दाबल्यावर काहीच होत नाही, तर ती वेगळी भानगड, त्यावर खाली येतो. पण पूर्ण उघडून मग बंद होत असेल तर मोटर चांगली आहे, गिअर चांगले आहेत, फ्यूज चांगला आहे. फॅनला मनापासून वाटतंय की पाऊस पडतोय, एवढंच.

आता असं का वाटतंय. सेन्सर म्हणजे काय असतं तर झाकणाच्या खाली, जाळीच्या वरच्या बाजूला नखाएवढी एक चपटी पट्टी. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा, दोन कंगवे समोरासमोर धरून दात एकमेकांत घातल्यासारख्या, पण कुठेही न टेकता. थेंब पडला की तो दोन दातांमध्ये पूल बांधतो, थोडासा करंट वाहतो, फॅनच्या सर्किट बोर्डाला कळतं ओलं झालं, झाकण बंद. बस, यापलीकडे त्याला अक्कल नाही. त्याला पाऊस कळत नाही, ओल कळते, आणि खरं म्हणजे ओलही नाही, दोन रेषांमधून करंट जातोय की नाही एवढंच कळतं.

यात एक गंमत आहे जी माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. पावसाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, त्यात क्षार फार कमी, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या बाबतीत ते अगदी आळशी. तरी पहिल्या दोन थेंबांना झाकण बंद व्हायला पाहिजे, म्हणून सर्किट फार हळवं ठेवावं लागतं. आता अशा हळव्या सर्किटच्या रेषांवर पावसाऐवजी खारं पाणी आलं तर? थेंबाची पण गरज नाही, डोळ्याला न दिसणारा ओलसर थर पुरतो.

पण हे मला तेव्हा कुठे माहीत. मी जो दिसेल त्याला विचारत सुटलो आणि सगळ्यांचं एकच उत्तर, सेन्सर घाण झालाय, रबिंग अल्कोहोलने पूस. पुसला. दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी लावतात तसलं, ड्रगस्टोअरमधून आणलेलं, इअरबडवर घेऊन चांगलं घासून. इअरबड काळा झाला, मन प्रसन्न झालं, त्या रात्री झाकण चारपर्यंत टिकलं. पुढच्या वेळी परत अडीच. मग म्हटलं सेन्सरच गेला असेल, नवीन मागवला, दोन स्क्रू आणि एक प्लग, दहा मिनिटांचं काम. नवीन सेन्सर दोन ट्रिपा सोन्यासारखा चालला. तिसऱ्या ट्रिपला रात्री घर्रर्र. अक्षरशः हात जोडले मी त्याला.

मधल्या काळात एका वर्कशॉपलाही दाखवून झालं. त्यांनी दुपारी दोन वाजता, ३५ डिग्रीच्या उन्हात, झाकण दहा वेळा उघडबंद केलं, सेन्सरवर पाणी शिंपडून दाखवलं, बंद झालं, पुसल्यावर उघडलं, आणि बिलावर लिहून दिलं की दोष आढळला नाही. त्यांची चूक नाही म्हणा, दुपारी तो दोष नसतोच. रात्री येणारा प्रॉब्लेम दिवसा शोधायला गेलं की हेच होणार, आणि मी स्वतः पण सहा महिने तेच करत होतो, सकाळी कॉफी घेऊन शिडीवर चढायचो आणि सगळं ओके बघून उतरायचो.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पहिली म्हणजे आम्ही बिग बेंडला गेलो, टेक्सासच्या पार पश्चिमेच्या टोकाला रिओ ग्रांदेच्या काठी नॅशनल पार्क आहे ते, सगळं वाळवंट, ट्रेलर ओढत जायला आम्हाला दोन दिवस लागले. तिथे पाच रात्री फॅन एकदाही बंद झाला नाही. धूळ एवढी की जाळी तपकिरी झाली होती, सेन्सरवर बोटाने नाव लिहावं इतका थर, आणि तरी झाकण ढिम्म हललं नाही. म्हणजे घाण हे कारण नाही! निदान नुसती घाण नाही.

दुसरी म्हणजे आई आली होती देवगडहून. गॅल्व्हस्टनला परत एकदा रात्री झाकण पडलं, मी खुर्चीवर उभा राहून टॉर्च मारत बडबडतोय की कोरडं आहे, पाणी नाही काही नाही, तर ती अंथरुणातूनच म्हणाली, "अरे, पावसात मिठाक पाणी सुटता, तसाच कायतरी असतला." आणि कूस बदलून झोपली. मी मात्र जागाच.

ज्यांचं लहानपण कोकणात गेलंय त्यांना समजावून सांगायला नको. जूनमध्ये मिठाची बरणी उघडली की खडेमीठ ओलं चिकट, खाली पाणी साठलेलं, कुणी पाणी ओतलेलं नसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं, म्हणून खडेमिठाला जास्त पाझर. इथे गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री हवा ९० टक्क्यांच्या आसपास असते. दिवसभर वारा समुद्रावरून तुषार आणतो, ते सेन्सरवर वाळतात, मीठ मागे राहतं, रात्री हवा थंड होऊन आर्द्रता चढली की त्या मिठाला पाणी सुटतं, रेषांमध्ये खारा पूल तयार, झाकण बंद. सकाळी ऊन आलं की सुकतं. त्यात भर म्हणजे मोकळ्या आकाशाखाली छत रात्री आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, म्हणून दव आधी छतावर आणि त्या फॅनच्या चौकटीवर धरतं. ढग असलेल्या रात्री प्रॉब्लेम कमी आणि चांदण्या रात्री जास्त, हे मला विचित्र वाटायचं, त्याचं उत्तर हे.

आणि अल्कोहोलने का गेलं नाही? मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. तेल, बोटांचे डाग, झाडाचा चीक हे त्याने निघतं, मीठ जागच्या जागी. ७० टक्केवालं घेतलं तर त्यातल्या ३० टक्के पाण्यात थोडं विरघळतं, पण आपण एकाच इअरबडने घासत बसतो म्हणजे इकडचं मीठ तिकडे पसरवतो. मी बरोबर तेच करत होतो आणि वर सेन्सरला शिव्या घालत होतो. मीठ पाण्याने जातं, साध्या पाण्याने. एवढं शाळेत शिकलेलं असतं आपण.

तर आता खरी साफसफाई. दिवसा करा, सावकाश करा. आधी फॅनची बारा व्होल्टची लाइन बंद, म्हणजे ट्रेलरचा फ्यूज काढा किंवा बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच फिरवा आणि शोअर पॉवरची, म्हणजे बाहेरच्या विजेची, केबल पण काढा, नाहीतर बाहेरच्या विजेचे बारा व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधून करंट चालूच राहतो. झाकण त्याआधी उघडून ठेवा, मागून आठवलं तर परत सगळं जोडावं लागतं, मला दोनदा आठवलं. जाळी आतून निघते, बहुतेकांना स्क्रू किंवा फिरकीची बटणं असतात, छतावर चढायची गरज नाही. सेन्सरचा प्लग हळूच ओढून सेन्सर हातात घ्या, वायर धरून ओढू नका, प्लगचं प्लास्टिक धरा.

मग मऊ ब्रश, मी पोरीचा जुना बेबी टूथब्रश वापरतो, आणि डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, आमच्याकडचं पाणी जड, वाळलं की स्वतःचेच पांढरे क्षार सोडतं, म्हणजे एक मीठ काढून दुसरं बसवायचं. वाटीत पाणी घेऊन रेषांच्या दिशेने ब्रश फिरवा, पाणी फेका, नवीन घ्या, असं तीनदा. घासण्यापेक्षा पाणी बदलणं महत्त्वाचं, विरघळलेलं मीठ सेन्सरवरून बाहेर गेलं पाहिजे. कुठे हिरवट डाग दिसले तर ते तांब्याचं गंजणं, ओल्या रेषांमधून डीसी करंट जात राहिला की हे होतंच, त्यासाठी पांढरं व्हिनेगर एक मिनिट लावून मग परत डिस्टिल्डने भरपूर धुवा, व्हिनेगर मागे राहिलं तर ते अजून खाईल. रेघ मध्ये तुटलेली दिसली किंवा काळी पडून उचकटलेली असली तर मात्र सेन्सर बदला, तिथे धुण्याने काही होणार नाही. आणि सगळ्यात शेवटी अल्कोहोल, ९१ टक्केवालं किंवा त्याहून जास्त, ते पाणी ओढून घेऊन पटकन उडतं. म्हणजे अल्कोहोल पाहिजेच, फक्त त्याचा नंबर शेवटचा. पंख्याखाली अर्धा तास सुकू द्या.

आता हे झालं की नाही हे रात्रीपर्यंत वाट न बघता कसं कळणार, तर माझी 'हाः टेस्ट'. सेन्सर सुटा असतानाच मल्टिमीटर ओहमवर लावा, सगळ्यात मोठी रेंज, दोन टोकं प्लगच्या दोन पिनांना. कोरडा असताना मीटरने आकडा दाखवायला नको, नुसतं ओएल, म्हणजे रेंजच्या बाहेर, करंट जातच नाही. आता चष्म्याची काच पुसताना तोंडाने हाः करतो तशी वाफ सेन्सरवर सोडा. माझा स्वच्छ सेन्सर पाच-सहा मेगाओहमपर्यंत खाली येतो आणि तीन-चार सेकंदांत परत ओएल. मीठ धरलेला जुना सेन्सर मी मुद्दाम ठेवलाय, तो हाः केल्यावर दोनशे किलोओहमवर जातो आणि मिनिटभर तिथेच रेंगाळतो. आकडे तुमचे वेगळे येतील, आकड्यापेक्षा तो परत किती पटकन सुकतो ते बघा. पहिल्यांदा हा फरक बघितला तेव्हा मी किचन टेबलवर बसून दोन्ही सेन्सरवर आळीपाळीने हाः हाः करत होतो आणि बायको दारात उभी राहून बघत होती.

जोडताना एक मोह टाळा. प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहू देणारं ग्रीस, जरूर लावा, ओल शिरत नाही. पण सेन्सरच्या रेषांवर ग्रीस, नेलपॉलिश, सिलिकॉन स्प्रे असलं काही लावू नका. मला पण वाटलं होतं की पातळ कोट मारला की मीठ चिकटणार नाही. खरंय, मीठ चिकटत नाही, पण मग पाऊसही कळत नाही. ज्यांचा उलटा प्रॉब्लेम असतो, म्हणजे धो धो पाऊस आणि झाकण उघडंच, त्यांनी आधी हेच तपासा, कुणी प्रेमाने काही फासलंय का, किंवा छताला वॅक्स मारताना सेन्सरवर उडालंय का. तिथे पाण्याने काही होत नाही, अल्कोहोलने पुसून बघा.

सेन्सर खरंच गुन्हेगार आहे का ही परीक्षा याच्याही आधीची, आणि ती रात्रीच, प्रॉब्लेम चालू असतानाच करायची. सेन्सरचा प्लग काढायचा आणि झाकण उघडायचं. माझ्या फॅनमध्ये प्लग काढला म्हणजे त्याच्या लेखी 'कोरडं', तो काही तक्रार करत नाही. झाकण उघडं राहिलं तर सेन्सरच. प्लग काढूनही बंद झालं तर सेन्सर निर्दोष, बोर्डाकडच्या वायरमध्ये किंवा सॉकेटमध्ये ओल शिरलीय का बघा. आणि चुकून सुद्धा त्या दोन वायर एकमेकींना जोडू नका, जोडणं म्हणजे 'पाऊस', झाकण कायमचं बंद.

आता गादीची गोष्ट. प्लग काढल्यावर झाकण उघडं राहिलं, वारा यायला लागला, मला इतकं बरं वाटलं की म्हटलं राहू दे असंच, सकाळी बघू. सकाळी नाही बघितलं. पुढच्या ट्रिपला पण नाही. तिसऱ्या ट्रिपला पहाटे चारला गल्फवरून वादळ आलं, इथली वादळं अशी की पाच मिनिटांत रस्त्याची नदी होते, आणि बरोबर आमच्या बेडच्या मधोमध १४ बाय १४ इंचाच्या भोकातून धबधबा. अंधारात बटन सापडेना. ती गादी तीन दिवस ड्राइव्हवेत उभी करून वाळवली तरी वास गेला नाही. तेव्हा प्लग काढून ठेवायचा असेल तर बटनावर मास्किंग टेप लावून मोठ्या अक्षरात लिहा 'सेन्सर नाही'. मी आता लिहितो.

सेन्सरसारखाच वाटणारा पण सेन्सर नसलेला एक प्रकार आम्हाला पाद्रे आयलंडला भेटला. टेक्सासच्याच किनाऱ्यावर कॉर्पस क्रिस्टी शहराच्या पुढे नॅशनल सीशोअर आहे, म्हणजे सरकारने राखलेला समुद्रकिनारा, तिथल्या मालाकीट कॅम्पग्राउंडला हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, नाहीत, त्यामुळे सगळं बॅटरीवर. तिथे झाकण निम्मं उघडलं आणि थांबलं, परत दाबलं तर थोडं खाली आलं आणि थांबलं. मी लगेच मीठ मीठ करत सेन्सर धुवायला घेतला. वास्तविक आतले दिवे झाकण हलताना किंचित मंद होत होते, तिकडे लक्षच नाही. नवीन ज्ञान झालं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं.

मीटर लावला तर बॅटरीला १२.३ व्होल्ट, म्हणजे ठीकठाक, लेड ॲसिड पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ आणि निम्मी १२.१ च्या आसपास असते. पण फॅनच्या वायरला, झाकणाची मोटर चालू असताना, ११.२. एक व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ला जातोय. चालू असताना मोजणं महत्त्वाचं, मोटर बंद असेल तर दोन्हीकडे सारखंच दिसतं आणि आपण फसतो. फॅनच्या चौकटीच्या आत छताच्या पोकळीत वायर एकत्र पिळून वर टोपी घातलेली असते, ट्रेलर हायवेवर हजारो मैल हादरतो, ती टोपी सैल होते. आमची हातात निघून आली, खालची वायर काळी पडलेली. कापून, नवीन क्रिम्प कनेक्टर टाकून, परत मोजलं तर १२.१. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की जोड शोधायचा.

बाकीचे प्रकार पटापट सांगतो. मोटरचा आवाज येतो पण झाकण हलत नाही, तर गिअरचे दात गेलेत किंवा उचलणारा दांडा निसटलाय. काही फॅनना हाताने फिरवायची मूठ असते, तिने झाकण आधी बंद करा आणि मग निवांत पार्ट शोधा. महिनाभर उन्हात बंद राहिलेलं झाकण पहिल्यांदा उघडत नाही, तर रबराची गॅस्केट चिकटलेली असते, खालून तळहाताने हलका धक्का द्यायचा, मोटरला जबरदस्ती केली की मग वरचा गिअरवाला प्रकार होतो. झाकण उघडतं पण पंखा फिरत नाही, तर थर्मोस्टॅट बघा, सेट केलेलं तापमान खोलीपेक्षा जास्त असेल तर तो बिचारा गरम व्हायची वाट बघत बसलाय. काहीच होत नाही तर आधी ट्रेलरच्या पॅनलमधला फ्यूज, मग फॅनच्या स्वतःच्या बोर्डावरही एक छोटा फ्यूज असू शकतो, तो लोक विसरतात.

आणि एक घरगुती प्रकार खास आपल्या लोकांसाठी. आमचा दुसरा फॅन शेगडीच्या जवळ आहे. वरणभाताचा कुकर लावला, तिसरी शिट्टी झाली की झाकण बंद. म्हणजे जेव्हा वाफ बाहेर जायला पाहिजे नेमकं तेव्हाच! सरळ आहे, फॅन एक्झॉस्टवर असतो, सगळी वाफ सेन्सरच्या अंगावरून जाते आणि गार सेन्सरवर तिचं पाणी होतं. त्यात फोडणीचा तेलकट धूर, तो चिकट थर पुढच्या वाफेला आणि धुळीला धरून ठेवतो. यावर मी एवढंच करतो की शिट्टी व्हायच्या आधी फॅन फुल स्पीडवर टाकतो म्हणजे वाफेत हवा जास्त मिसळते, आणि समोरची खिडकी उघडतो. खिडकी तशीही उघडीच पाहिजे. सगळं बंद करून एक्झॉस्ट फुल लावला तर तो हवा कुठून तरी ओढणारच, आणि गॅसवर चालणारी उपकरणं असतील तर त्यांच्या धुराड्यातून उलटी हवा आत येऊ शकते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आरव्हीत असतो, त्याची तारीख बघून ठेवा, तो पण कालबाह्य होतो.

पुण्याचा एक मित्र ट्रॅव्हलर गाडीचं कॅराव्हॅन करतोय, महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आल्यापासून त्याच्या डोक्यात ते होतंच, आणि त्याला असाच फॅन बसवायचाय, फिरायचं कुठे तर मालवण, वेंगुर्ला, गोवा. त्याला मी सांगितलं की सेन्सरवाला घे पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, वरून प्लास्टिकचं व्हेंट कव्हर बसव. ते टोपीसारखं झाकणाच्याही वर बसतं, बाजूंनी झडपा, त्यामुळे पावसात झाकण उघडं ठेवून फॅन चालवता येतो, आणि तुषारही सेन्सरपर्यंत कमी पोचतात. मी पण शेवटी तेच बसवलं बेडवरच्या फॅनला. कव्हर बसवताना छताला नवीन भोकं पाडू नका, बहुतेक कव्हरं फॅनच्या चौकटीलाच ब्रॅकेटने धरतात, आणि रबरी छत असेल तर पेट्रोलने किंवा थिनरने पुसापुशी अजिबात नको, रबर फुगतं.

कव्हर बसवल्यानंतरही किनाऱ्यावरून आलं की सेन्सर धुतो. घरी आल्यावर टाक्या रिकाम्या करतो त्याच दिवशी, वाटी, टूथब्रश, डिस्टिल्ड, शेवटी अल्कोहोल, पंधरा मिनिटं. पर्वतात किंवा वाळवंटात जाऊन आलो तर नुसती फुंकर. आणि ट्रेलर पार्किंग यार्डात सोडताना झाकण स्वतःच्या हाताने बंद करतो, कारण बॅटरीचा डिस्कनेक्ट फिरवला की सेन्सर आंधळा आणि मोटर लुळी, उघडं राहिलं तर कितीही पाऊस पडो, ते बंद होणार नाही. शेजारच्या लॉटवरच्या ट्रेलरचं झाकण गेल्या रविवारी तसंच उघडं दिसलं, यार्डाच्या ऑफिसमध्ये सांगून आलोय, ते फोन करतो म्हणाले मालकाला.